बायोडाट्यात ‘अनुभव : निरंक’ लिहिण्याआधी हे वाचा, पहिल्या नोकरीसाठी एका पानाचा कागद कसा तयार करायचा?

बारावी झाली, डिग्रीचं शेवटचं वर्ष संपत आलं किंवा आयटीआयची परीक्षा आटोपली की पोरं तालुक्याच्या गावाला येतात. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. ‘दादा, एक बायोडाटा टाईप करून द्या,’ एवढंच सांगायचं. दुकानदाराकडं फाईल आधीच तयार असते. तो नाव बदलतो, जन्मतारीख बदलतो, मार्क बदलतो. छंदात वाचन, क्रिकेट आणि संगीत ऐकणे हे तिघांचंही सारखंच राहतं. शेवटी ‘अनुभव’ असा रकाना येतो. दुकानदार विचारतो, ‘कुठं काम केलंय का?’ पोरगा मान हलवतो. दुकानदार टाईप करतो, ‘निरंक’.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, पारनेर अशा तालुक्यांतून असे कागद सुपा, नगर, रांजणगाव, चाकणच्या एमआयडीसीत जातात. तिथं कागद बघणाऱ्या माणसापुढं एकाच साच्यातले गठ्ठे पडलेले असतात. कोणाला बोलवायचं हे ठरवायला त्याच्या हाती मार्कांशिवाय काही राहत नाही. मग मार्क जरा कमी असलेला पोरगा तिथंच मागं पडतो.

खरी गोष्ट अशी की ज्याच्या कागदावर ‘निरंक’ लिहिलंय, तो पोरगा बऱ्याचदा पहाटे उठून गावातल्या दूध संकलन केंद्रावर वजन घेत असतो. एखादी पोरगी आईच्या बचत गटाचं रजिस्टर दोन वर्षं लिहीत असते. काम झालेलं असतं. फक्त घरच्या आणि गावच्या कामाला ‘काम’ म्हणायची आपल्याकडं सवय नाही. पगाराची पावती नाही म्हणजे अनुभव नाही, असं पोरं धरून चालतात. नुकसान तिथं होतं.

लग्नाचा बायोडाटा वेगळा, नोकरीचा वेगळा

आपल्या भागात बायोडाटा म्हटलं की आधी लग्नाचाच डोळ्यापुढं येतो. त्यामुळं नोकरीच्या कागदातही वडिलांचा व्यवसाय, शेती किती एकर, जात, धर्म, उंची, रंग, मामाचं गाव अशी माहिती शिरते. खासगी कंपनीला यातलं काही लागत नाही. कंपनीत या कागदाला रेझ्युमे किंवा सीव्ही म्हणतात. या माणसाला काय येतं आणि त्यानं आजवर काय केलंय, एवढंच त्यात बघतात.

सरकारी भरतीत जात प्रवर्ग विचारतात, पण तो त्यांच्या ठरलेल्या अर्जात भरायचा असतो. सैन्य किंवा पोलीस भरतीला उंची लागते, तीही तिथंच मोजतात. खासगी नोकरीच्या कागदावर हे लिहू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक बायोडाट्यावर कधीही टाकू नका. हा कागद मेळाव्यात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, कोणाच्याही हातात जातो. ही कागदपत्रं नोकरी पक्की झाल्यावर, भरती करून घेताना कंपनीच्या ऑफिसात द्यायची असतात.

एका पानात काय आणि कोणत्या क्रमानं?

नवख्या उमेदवाराला एक पान पुष्कळ झालं. क्रम असा ठेवावा.

1. नाव, मोबाईल नंबर, ईमेल, गाव-तालुका-जिल्हा. पूर्ण पत्त्याची गरज नाही. गावात रेंजची अडचण असेल तर घरातल्या भरवशाच्या माणसाचा दुसरा नंबर द्यावा आणि त्या माणसाला तसं सांगून ठेवावं.

2. दोन ओळींत आपण कोण आणि कोणतं काम हवंय. ‘बी.कॉम. शेवटचे वर्ष, दूध संस्थेत हिशेबाच्या कामाचा दोन वर्षांचा सराव, अकाउंट विभागात काम हवे.’ एवढं पुरे.

3. शिक्षण. शेवटचं आधी, मग बारावी, मग दहावी. वर्ष, बोर्ड किंवा विद्यापीठ आणि टक्के. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकत असाल तर तसंच लिहा, त्यात कमीपणा नाही. काम करत शिकलो, हे त्यातून आपोआप कळतं.

4. केलेलं काम. यावर पुढं सविस्तर येईलच.

5. येणारी कौशल्यं आणि प्रमाणपत्रं.

6. भाषा. कोणती बोलता येते, कोणती लिहिता येते.

फोटो मागितला असेल तरच लावावा. ‘वरील माहिती खरी आहे’ असं लिहून खाली सही करायची पद्धत आहे. खासगी कंपनीत ते नसलं तरी अडत नाही.

अनुभव शोधायचा कुठं?

एक वही घ्यावी आणि स्वतःला सहा प्रश्न विचारावेत. घरात किंवा गावात हिशेब कोणाचा ठेवला? यंत्र कोणतं चालवलं किंवा दुरुस्त केलं? मोबाईल-कॉम्प्युटरवर दुसऱ्यांची कोणती कामं करून दिली? दुकानात, गल्ल्यावर कधी बसलो का? कोणाला काही शिकवलं का? कॉलेजात, मंडळात, शिबिरात कोणती जबाबदारी घेतली?

मग प्रत्येक उत्तरापुढं चार गोष्टी लिहायच्या. काम कोणतं, किती दिवस, रोज किती, आणि त्यातून काय झालं.

दूध संकलन केंद्राचंच उदाहरण घेऊ. पोरगा सांगतो, ‘दूध घालायला जातो आणि तिथंच जरा मदत करतो.’ ही ‘जरा मदत’ कागदावर अशी येते :

*दूध संकलन केंद्र, मदतनीस. जून 2023 पासून, रोज सकाळी दोन तास.*
*– रोज साधारण 60 शेतकऱ्यांच्या दुधाचे वजन, फॅट आणि एसएनएफ मशीनवर तपासून नोंद.*
*– दर दहा दिवसांच्या बिलाची यादी तयार करून सचिवांकडे देणे.*
*– वजन किंवा फॅटची तक्रार आली तर शेतकऱ्यासमोर पुन्हा तपासणी.*

कंपनीतला माणूस हे वाचतो तेव्हा त्याला कळतं की हा पोरगा वेळेवर येतो, आकडे लिहितो, मशीन हाताळतो आणि चिडलेल्या माणसाशी बोलू शकतो. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ या ओळीतून यातलं काहीच कळत नाही.

बचत गटाचं तसंच. ‘आईला लिहून देते’ याऐवजी : ‘महिला बचत गटाचे मासिक बचत, अंतर्गत कर्ज आणि व्याजाचे रजिस्टर दोन वर्षे लिहिले. सदस्य 12. बँकेत भरणा करणे आणि पासबुकाशी हिशेब जुळवणे.’ पतसंस्था, बँक मित्राचं काम किंवा एखाद्या दुकानाचं अकाउंट, या ठिकाणी ही ओळ कामाची आहे.

ई-पीक पाहणी 2021 पासून मोबाईलवर आली. बऱ्याच म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ते ॲप जमत नाही. बांधावर उभं राहून फोटो काढणं, गट नंबर निवडणं, पीक आणि क्षेत्र भरणं हे काम भावकीतली, आळीतली पोरंच करून देतात. पंधरा-वीस खातेदारांची नोंद करून दिली असेल तर ते लिहावं. ज्या कामात फिरून मोबाईलवर माहिती भरायची असते, त्या कामाला हाच सराव लागतो.

ठिबकचा व्हॉल्व्ह बदलणं, फिल्टर साफ करणं, मोटारीचा स्टार्टर जोडणं, फवारणीचा पंप दुरुस्त करणं हेही लिहायचं असतं. फक्त ‘शेतीकाम’ असा एकच शब्द लिहिला तर त्यात सगळं बुडून जातं. ‘तीन एकर डाळिंबाच्या ठिबकची देखभाल, विद्राव्य खतांचे वेळापत्रक सांभाळणे’ असं लिहिलं की कृषी सेवा केंद्रवाला किंवा ठिबक कंपनीचा डीलर थांबून वाचतो.

कॉलेजातलं काय धरायचं?

राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये असाल तर वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. पोरं नुसतं ‘एनएसएस’ एवढंच लिहून मोकळी होतात. शिबिर कोणत्या गावात झालं, आपल्याकडं काय होतं, स्वयंपाकाचा शिधा की श्रमदानाची गटवारी, ते लिहावं. एनसीसीचं ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर ते नावानिशी लिहावं. भरतीत त्याला वजन आहे.

‘कमवा व शिका’ योजनेत काम केलेल्या पोरांनी तर ते दडवूच नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकायची वाट गरिबाच्या पोरांना दाखवली. आज विद्यापीठांतही ही योजना चालते. ग्रंथालयात, ऑफिसात, प्रयोगशाळेत किंवा बागेत जे काम केलं, त्याचे महिने आणि तास लिहावेत. हा सरळ सरळ कामाचा अनुभव आहे.

राज्य सरकारनं 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्यांना महिना 6,000, आयटीआय-पदविकावाल्यांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं. त्यातून ज्यांनी ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना, कारखाना अशा ठिकाणी काम केलं, त्यांनी ‘योजनेत होतो’ एवढ्यावर थांबू नये. रोज टेबलावर कोणतं काम होतं, दाखले, नोंदी, टपाल की ऑनलाईन भरणा, ते सांगावं.

मधलं वर्ष वाया गेलं असेल तर?

आपल्या भागातला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या कितीतरी घरांत दिवाळीच्या सुमाराला बिऱ्हाड ऊसतोडीला निघतं, ते मार्च-एप्रिलला परत येतं. एखाद्या वर्षी आई आजारी पडली, उचल फिटायची राहिली, तर पोराला कॉलेज सोडून कोयत्यावर जावं लागतं. परत आल्यावर तो नव्यानं प्रवेश घेतो. कागदावर 2022 आणि 2024 मध्ये दोन वर्षांची भगदाडं दिसतात आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. पोरं खाली बघतात. कोणी ‘आजारी होतो’ म्हणून सांगून टाकतं.

खाली बघायचं कारण नाही. हे लिहिता येतं :

*ऑक्टोबर 2022 ते एप्रिल 2023 : कुटुंबासोबत ऊसतोड हंगाम. शिक्षणात एक वर्षाचा खंड. टोळीतील 10 कोयत्यांच्या खेपा, वजनाच्या पावत्या आणि उचलीचा हिशेब वहीत ठेवला.*

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. कोणाच्या गाडीचं वजन किती आलं, कोणाची उचल किती फिटली, यावरून टोळीत भांडणं होतात. त्या वहीवर सगळ्यांचा विश्वास बसला असेल, तर तो पोरगा स्टोअरमध्ये किंवा वजनकाट्यावर काम करायला तयार झालेला आहे. ज्यानं हिशेब ठेवला नाही, नुसता ऊस तोडला, त्यानंही पहिल्या दोन वाक्यांत खरं ते लिहावं. घरासाठी राबलो आणि परत येऊन शिक्षण पूर्ण केलं, हे कळल्यावर समोरचा पुढचा प्रश्न कामाचा विचारतो.

मुलींच्या बाबतीत घरातलं आजारपण, लहान भावंडं, कधी लग्न यामुळं खंड पडतो. ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे एक वर्षाचा खंड, आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध’ ही एक ओळ पुरेशी आहे. त्यापेक्षा जास्त सांगायला कोणी बांधील नाही.

‘कॉम्प्युटर येतो’ म्हणजे नेमकं काय येतं?

एमएस-सीआयटी झालं असेल तर वर्ष आणि टक्के लिहावेत. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा पास असाल तर भाषा आणि वेग लिहावा, मराठी 30, इंग्रजी 40, जसं असेल तसं. एक्सेल येतं म्हणायचं असेल तर त्यात काय करता ते लिहावं : बेरीज-टक्केवारीची सूत्रं, यादी लावणं, हजेरीपत्रक. टॅलीचा कोर्स झाला असेल तर व्हाउचर एन्ट्री, जीएसटी बिल यातलं काय स्वतःच्या हातानं केलं ते.

आयटीआयवाल्यांनी ट्रेडचं नाव लिहून थांबू नये. फिटर असेल तर व्हर्निअर कॅलिपर, मायक्रोमीटर वापरता येतो का, ड्रॉइंग वाचता येतं का. वेल्डर असेल तर आर्क की गॅस, कोणत्या जाडीच्या पत्र्यावर हात बसलाय. इलेक्ट्रिशियन असेल तर घराचं वायरिंग, पॅनल की मोटार रिवाइंडिंग. शॉपफ्लोअरवरचा सुपरवायझर पहिल्यांदा हेच शोधतो.

ट्रॅक्टर किंवा चारचाकी चालवायचा परवाना असेल तर तो कौशल्यात लिहावा. नंबर लिहू नये.

एक खोटी ओळ महागात पडते

काही दुकानांत ‘अनुभवाचं सर्टिफिकेट पाहिजे का?’ असं हळूच विचारतात. दोन-चारशे रुपयांत कोणत्यातरी वर्कशॉपच्या नावाचा शिक्का मिळतो. त्या नादी लागू नका. बनावट कागद वापरणं हा गुन्हा आहे, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो. ज्यानं लेथ मशीन जवळून पाहिलं नाही त्याला चकमध्ये जॉब कसा धरायचा हे सांगता येत नाही.

एटीकेटी असेल तर ‘पदवीधर’ लिहू नका. ‘शेवटचे वर्ष, एक विषय बाकी’ असं लिहा. दोनदा बसून बारावी झाली असेल तर पास झालेलं वर्ष लिहा आणि विचारलं तर खरं सांगा. मार्क पुढेमागे मूळ मार्कमेमोवरून तपासतातच. साधा नियम असा की ज्या ओळीवर पाच मिनिटं बोलता येत नाही, ती ओळ कागदावर ठेवायची नाही.

केंद्राचे सचिव, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी, दुकानाचे मालक यांना आधी विचारून त्यांचं नाव आणि नंबर ‘माहितीसाठी संपर्क’ म्हणून देता येतो. न विचारता देऊ नये. एखाद्या दिवशी कंपनीतून फोन गेला आणि समोरचा ‘कोण हा?’ म्हणाला की काम बिघडतं.

मराठीत की इंग्रजीत?

जिथं द्यायचा तिथली भाषा बघावी. पतसंस्था, दूध संघ, कृषी सेवा केंद्र, गावातली शाळा इथं मराठी चालतं. एमआयडीसीतल्या कंपन्यांत बहुतेक इंग्रजी कागद मागतात. अशा वेळी आधी मराठीत नीट लिहून काढावं आणि मग कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवून साध्या इंग्रजीत करून घ्यावं. ‘मिल्क कलेक्शन असिस्टंट’ इतकं सोपं नाव पुरतं. नेटवरची जड जड वाक्यं उचलली तर मुलाखतीत त्याचा अर्थ विचारतात आणि पंचाईत होते.

ईमेल स्वतःच्या नावाचा काढावा. ‘किंग’, ‘रॉयल’, ‘दादा’ असले शब्द त्यात नकोत. कागद पीडीएफ करून ठेवावा आणि फाईलला स्वतःचं नाव द्यावं. ‘नवीन बायोडाटा फायनल 2’ अशा नावाची फाईल कंपनीच्या कॉम्प्युटरवर हरवून जाते. त्याच दुकानातून मूळ फाईलही मागून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी बदल करताना पुन्हा सगळं टाईप करावं लागत नाही.

द्यायचा कुठं?

पहिली पायरी म्हणून शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हा चांगला रस्ता आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्क्यांपर्यंत. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी फुकट होते. राज्य सरकारच्या महास्वयंम पोर्टलवरही रोजगारासाठी नाव नोंदवता येतं आणि रोजगार मेळाव्यांची माहिती तिथं मिळते.

मेळाव्याला जाताना कागदाच्या दहा-बारा प्रती, मार्कमेमोच्या झेरॉक्स आणि पेन जवळ ठेवावा. मूळ कागदपत्रं दाखवायची, पण कोणाकडं ठेवून यायची नाहीत. बायोडाटा दिल्यावर आठ-दहा दिवस अनोळखी नंबरचे फोन उचलावेत.

आणि नोकरी लावतो म्हणून रजिस्ट्रेशन, गणवेश, ट्रेनिंग, डिपॉझिट या नावानं कोणी आधी पैसे मागितले तर तिथून उठावं. चांगली कंपनी कामावर घेण्यासाठी पोराकडून पैसे घेत नाही.

शेवटचं काम घरातच

कागद लिहून झाला की टाईप करायला जाण्याआधी घरी मोठ्यानं वाचून दाखवावा. तारखा आणि वर्षं पोरांपेक्षा घरच्यांना चांगली आठवतात. ‘केंद्रावर तू जर्सी गाय घेतली त्या वर्षीपासून जातोयस, तेव्हा अकरावीला होतास,’ असं आई सांगते आणि 2023 च्या जागी 2022 येतं. ‘आरं, विहिरीवरची मोटार कोणी जोडली मग?’ असं वडील विचारतात आणि एक ओळ वाढते. ती ओळ दुकानदाराच्या तयार फाईलमध्ये कधीच नसते.